ताईने लिहायला घेतलं

८ फेब्रुवारी

ही डायरी कानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक छोटा कान छापलाय. मी तीच यंत्रं विकतो; दरवर्षी अशा डायऱ्या दुकानात येतात आणि ड्रॉवरमध्ये पडून राहतात. या वर्षी मी लिहिणार आहे, कारण ताई लिहिणार आहे.

ताई शहर बस चालवते. डिसेंबरात एका दुपारी तिने नदीखालच्या बोगद्यात मधोमध बस थांबवली, सगळी दारं उघडली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. बस धडधाकट, समोर रस्ता मोकळा. मागे गाड्यांची रांग लागली, लोक ओरडले, एका म्हातारीने तिला पाणी पाजलं. शेवटी दुसरा ड्रायव्हर येऊन बस घेऊन गेला. ताई बोगद्यातून चालत बाहेर आली. तेव्हापासून रजेवर आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, लिहा. वाचनालयात वरच्या मजल्यावर वर्ग भरतो, तिथे लोक स्वतःबद्दल लिहितात. त्याने म्हणे बरं वाटतं. मी म्हटलं, छान, मन रमेल.

आज फोनवर ती म्हणाली, "छोट्या, मी अडगळीच्या खोलीबद्दल लिहितेय."

मी म्हटलं, "कुठली खोली?"

ती मग म्हणाली, "तुझं बरं आहे."

तिचं एकटीचंच लिहून झालं तर तेच खरं ठरेल. म्हणून ही डायरी. दुसरी बाजूही कुठेतरी असावी.

११ फेब्रुवारी

दुसरी बाजू अशी.

आई गेली तेव्हा मी सहाचा होतो, ताई नऊची. अप्पा शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे. पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. नातेवाइकांपैकी कोणी राहायला आलं नाही. अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही, आम्हाला होस्टेलात टाकलं नाही, स्वयंपाक शिकले, माझ्या शर्टांना बटणं लावली. फार केलं त्यांनी आमच्यासाठी. हे ताईने लिहिलंय की नाही ते माहीत नाही.

अडगळीची खोली जिन्याखाली होती. ताई तिखट होती. ऐकायची नाही. अप्पा कामावर जाताना कधीकधी तिला तिथे ठेवायचे. मला एकदाही ठेवलं नाही. मी गुणी होतो.

किती वेळा ठेवलं, किती वेळ ठेवलं, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी जिन्यापाशी लादीवर बसलेलो आहे आणि पुढच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसतोय. मी तिथे का बसलोय ते आठवत नाही. मुलं कुठेही बसतात.

१५ फेब्रुवारी

ताई जेवायला आली होती. अप्पा आमच्याकडेच असतात, त्यामुळे रविवारी ती येते. बारीक झालीय. बायकोने तिला आग्रह करकरून वाढलं.

अप्पांना वर्गाचं कळलं. त्यांना वाटलं, वर्ग म्हणजे परीक्षा असणार. "या वयात?" म्हणाले.

ताईने मोठ्याने सांगितलं, "स्वतःबद्दल लिहायचं असतं अप्पा. आपल्या घराबद्दल."

अप्पा एकदम खूश. घास हातातच ठेवून म्हणाले, "मग त्या पुराचं लिही. सगळे पळाले, मी पंप सोडला नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. पेपरात आलं होतं."

"अडगळीच्या खोलीचं लिहितेय."

मी पाण्याचा जग उचलला. कोणाला पाणी हवं होतं म्हणून नाही. बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला.

अप्पांच्या कानातल्या यंत्राने शिट्टी मारली. जबडा जोरात हलला की मारतं, कानात बसणारा साचा थोडा सैल झालाय. ते म्हणाले, "कसली खोली? तिथे सामान होतं. बादल्या, फुटकं टेबल. तिथे कोणी कोणाला ठेवलेलं नाही."

"मला ठेवलंय."

"छे. असं काही नव्हतं. भलतंसलतं डोक्यात घेऊन बसतेस, म्हणून झोप येत नाही तुला." मग माझ्याकडे वळून, "काय रे? होतं का असं काही?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी लहान होतो अप्पा."

ताईने ताट घासूनपुसून रिकामं केलं आणि लवकर निघाली. जाताना मला म्हणाली, "यंत्र नीट कर त्यांचं. शिट्टी मारतंय." एवढंच. रागावलेली वाटली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

दुकानात नवी केबिन आली. ज्याला कमी ऐकू येतं त्याला आत बसवायचं, दार लावायचं, बाहेरून बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. जुन्या केबिनचं दार नीट लागत नसे, रस्त्यावरचा हॉर्न आत जायचा. ही नवी म्हणजे तिजोरी. भिंती वीतभर जाड, समोर छोटी काच.

बसवणारा मिस्त्री म्हणाला, "साहेब, एकदा आत बसून बघा. बाहेरचं काही येतंय का सांगा."

मी म्हटलं, तू बस. तो म्हणाला, माझी सही चालत नाही, दुकानवाल्याची लागते. बसलो. त्याने दार लावलं.

आतल्या वासाने त्रास झाला. नवा गोंद असतो, तो डोक्यात जातो. छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं, हात घामाने निथळले. काचेतून मिस्त्रीचं तोंड हलताना दिसत होतं आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी काच बडवली म्हणे. तो म्हणतो, बडवली. मला दार उघडलेलंच आठवतं.

त्याने पाणी दिलं. म्हणाला, "ऐकू येत नव्हतं ना काही? मग झालं, उत्तम बसलीय."

गोंदाचा वास उडेपर्यंत दार उघडं ठेवायला सांगितलंय. जुन्या केबिनमध्येही मी कधी बसत नसे. माझं काम बाहेरचं. पेशंटने आत बसायचं, मी बाहेर. लोकांना वाटतं बाहेर बसणं सोपं. आत कोणी असलं की मला मान वळवता येत नाही, सारखं काचेकडे बघत राहावं लागतं.

२४ फेब्रुवारी

ताईचा फोन. वर्गातल्या बाईंनी सुरुवातीलाच तीन कामं दिलीत म्हणे. पहिलं, जे झालं ते जसं आठवतं तसं लिहायचं. दुसरं, तेच परीकथेसारखं लिहायचं, राजा, राक्षस, काय हवं ते घालून. तिसरं, त्या वेळी जे जे हजर होते त्यांना जाऊन विचारायचं आणि मग दोन्ही समोर ठेवून पुन्हा लिहायचं.

"म्हणजे साक्षी-पुरावे?" मी विचारलं. "कोर्ट आहे का हे?"

"नाही रे. बाई म्हणतात, एकटीचं आठवणं पुरत नाही. आपल्याला जे दिसलं नाही ते दुसऱ्याला दिसलेलं असतं." मग थांबून म्हणाली, "तू होतास ना हजर. तुला काय आठवतं?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय. गिऱ्हाईक नव्हतं.

बरं वाटावं म्हणून लोक चालायला जातात, पोहायला जातात. कोणी कुंडीत रोपं लावतं. आमच्या ताईला बरं वाटण्यासाठी सगळं घर उकरायला हवं.

१ मार्च

वर्गाचं जाहीर वाचन आहे चौदा तारखेला. वाचनालयाच्या सभागृहात. घरच्यांना बोलावलंय. ताईने अप्पांना स्वतः फोन करून सांगितलं. मी मध्ये पडायच्या आत अप्पांनी रिसीव्हर कानाला लावला होता. आता ते कोणता शर्ट घालायचा याच्या विचारात आहेत. शेजारच्या काकांना सांगून आले, मुलगी आमच्यावर लिहितेय. पुराचंच लिहिलं असेल असं धरून चाललेत. त्या रविवारी जेवताना जे बोलणं झालं ते पुसूनच टाकलंय त्यांनी.

बायकोला म्हटलं, हे थांबवायला पाहिजे.

"का?"

"ऐंशीला टेकलेला माणूस आहे. चारचौघांत बसवून त्याला हे ऐकवायचं?"

"अप्पांची काळजी वाटतेय तुला?"

"मग कोणाची?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तू बाथरूमची कडी लावत नाहीस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं मला. हॉटेलात गेलो तर मला दाराशी उभं करतोस. मी कधी विचारलं नाही. म्हटलं, सांगेल."

"कडी गंजलेली असते. अडकते."

"प्रत्येक ठिकाणची?"

माणसाने एखादी सवय ठेवू नये की काय? मी विषय बदलला. पण मग लिहायला बसल्यावर वाटतंय, ताई माझ्याबद्दल काय लिहील? मी काही केलेलं नाही. मी तर काहीच केलेलं नाही. सभागृहात शंभर माणसं असतील आणि ती म्हणेल, माझा भाऊ बाहेर होता. मग सगळे वळून बघतील.

५ मार्च

दुकान लवकर बंद करून वाचनालयात गेलो. वर्गाच्या बाईंना भेटलो. मला वाटलं होतं कोणी मऊ बोलणाऱ्या, शाल घेतलेल्या असतील. या बाई जिन्यावर बसून संत्रं सोलत होत्या. वर्षानुवर्षं दवाखान्यात नर्स होत्या, आता हे करतात.

मी म्हटलं, "माझी बहीण आजारी आहे. आजारात माणूस काहीही लिहितो. ते लोकांसमोर वाचायला लावू नका."

"मी कोणाला लावत नाही. उलट तीनदा विचारते, नक्की वाचायचंय का. तुमच्या बहिणीने तिन्ही वेळा हो म्हटलंय."

"तिने आम्हाला नाही विचारलं."

"तुम्हाला विचारलं होतं असं ती म्हणाली. तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं."

बाईंनी संत्र्याची फोड पुढे केली. मी घेतली. दुसरं काय करणार?

मग मी म्हटलं, "बरं वाटावं म्हणून लिहायचं ना? मग चांगल्या आठवणी लिहाव्यात. आमच्याही आहेत."

"तशा लिहिणारेही येतात. पहिल्या दिवशी सगळं गोड लिहितात आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून येत नाहीत." त्या हसल्या. "मी पहिलं काम दिलं तेव्हा बहिणीचं पान कोरं होतं. तीन आठवडे कोरं. मग मी म्हटलं, परीकथा लिही, ती खोटी असली तरी चालते. दोन दिवसांत लिहून आणली. सरळ सांगता येत नाही ना, तेव्हा माणूस राजाचे कपडे घालून बाहेर येतो. एकदा बाहेर आला की मग कपडे काढता येतात."

"त्यात मी आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. नर्स बघते तसं. "ते मी सांगणार नाही. तुम्हीही लिहिता का?"

मी म्हटलं, नाही.

१२ मार्च

अप्पांना दुकानात बोलावलं. साचा बदलला, आता शिट्टी मारणार नाही. यंत्र कॉम्प्युटरला जोडून तपासलं. वयाच्या मानाने आवाज थोडा जास्तच ठेवला होता आधी, असं माझ्या लक्षात आलं. इतका मोठा आवाज सतत कानात बरा नाही. थोडा कमी केला. जवळचं बोलणं कळेल. लांबचं कदाचित तितकं नाही.

अप्पा म्हणाले, "परवा पहिल्या रांगेत बसू. लवकर जाऊ."

मी म्हटलं, मागे बसलेलं बरं, मध्येच उठता येतं. ते म्हणाले, "मुलीचं वाचन सोडून मध्येच उठायचं?"

संध्याकाळी बायकोने विचारलं, अप्पा आज सगळं दोनदा विचारतायत, यंत्र बिघडलं का. मी म्हटलं, नवा साचा आहे, सवय व्हायला वेळ लागतो. हे खरंच आहे. लागतो वेळ.

१५ मार्च

काल वाचन झालं. आजच लिहिलं पाहिजे.

आम्ही चौथ्या रांगेत बसलो. त्याहून मागे अप्पा यायला तयार नव्हते. शंभर कसले, पंचवीस-तीस माणसं असतील. एका निवृत्त शिक्षकाने आपल्या कुत्र्याबद्दल वाचलं, लोक हसले. अप्पा शेजारच्यांकडे बघून हसत होते, म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं. मला हायसं वाटलं. असं वाटणं बरं नव्हे, पण वाटलं.

मग ताईचं नाव पुकारलं. ती व्यासपीठाकडे जाण्याआधी आमच्या रांगेत आली, वाकली आणि अप्पांच्या मांडीवर कागद ठेवले. मोठ्या ठळक अक्षरांत छापलेले, दुकानाच्या पाट्यांवर असतात तेवढ्या. म्हणाली, "अप्पा, इथून आवाज पोचायचा नाही. हातात असू द्या. मी हळूहळू वाचते."

कागद ओढून घ्यावेत असं मनात आलं. बायकोने माझा हात धरून ठेवला होता, का ते तिलाच माहीत.

ताई वाचायला लागली. तिचा आवाज बसमध्ये थांबे सांगतानासारखा होता, सपाट आणि स्पष्ट.

एक राजा होता, असं सुरू झालं. राजाची राणी गेली. राजाला रडायचं होतं, पण सगळ्या नगराला पाणी चढवायचं काम त्याच्याकडे असल्यामुळे सुट्टी मिळाली नाही. राजाला एक मुलगी होती, फार हट्टी. राजा कामाला निघाला की तिला एका खोलीत ठेवायचा. त्या खोलीला खिडकी नव्हती. आत अंधाराला सुद्धा अंग चोरून बसावं लागायचं. आणि दाराबाहेर राजाने एक पहारेकरी बसवला होता. पहारेकरी इतका लहान होता की किल्ली त्याला दोन्ही हातांनी धरावी लागायची.

किल्ली. मी अप्पांकडे बघितलं. त्यांचं बोट ओळींवरून सरकत होतं. ताई एका वाक्यावर थांबली की तेही थांबत होते.

मग ताईने पान उलटलं आणि म्हणाली, "इथपर्यंत गोष्ट. इथून पुढे खरं."

पुढचं मी जसं लक्षात राहिलं तसं लिहितो.

ती म्हणाली, पहारेकरी माझा भाऊ होता. वडील त्याला सांगून जायचे, मी येईपर्यंत उघडायचं नाही आणि इथून हलायचं नाही. तो हलायचा नाही. तो दाराच्या फटीला तोंड लावून बसायचा आणि समोरच्या खिडकीतून रस्त्यावर जे जे दिसेल ते मला सांगायचा. ट्रक गेला ताई. सायकलवर दोघं आहेत ताई. कुत्रं. परत तेच कुत्रं. बस दिसली की ओरडायचा. कितीही लघवी लागली तरी जायचा नाही, तिथेच व्हायची, मग रडायचा आणि रडत रडत सांगायचा, पिवळी गाडी गेली ताई. मी आत होते, तो बाहेर होता, कुलूप दोघांनाही एकच होतं. मला निदान माहीत होतं की मी कोंडलेली आहे. त्याला कोणी सांगितलंच नाही.

डिसेंबरात बोगद्यात गाडी थांबवली, असं ती पुढे म्हणाली, तेव्हा मला अंधाराची भीती नव्हती वाटली. मला फक्त एवढंच वाटलं की बाहेर काय चाललंय ते सांगणारं कोणी नाही.

टाळ्या झाल्या. कोणीही वळून माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी मला दिसलं नसतं.

मला यातलं काही आठवत नाही. किल्ली आठवत नाही, कुत्रं आठवत नाही. ताई लेखिका झाली, रंगवून सांगणारच. पण माझे हात ओले झाले होते, आणि बायको मला कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये घेऊन गेली आणि मी तोंड धूत होतो तेव्हा तिने दार उघडं धरून ठेवलं होतं.

परत आलो तर अप्पा खुर्चीतच होते. सगळे उठले होते. त्यांनी कागदांची चौकोनी घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. ताई समोर येऊन उभी राहिली. अप्पा म्हणाले, "रिक्षा मिळेल ना आता?"

ताई म्हणाली, "मिळेल."

१८ मार्च

अप्पा बोलत नाहीत. जेवतात, पेपर वाचतात, यंत्र काढून टेबलावर ठेवतात. ताईचाही फोन नाही. मी केला, तिने उचलला नाही. मग तिने मेसेज केला, झोपले होते, दुपारी. दुपारी झोप लागतेय म्हणजे बरंच आहे, असं बायको म्हणाली. मला ते तितकंसं पटलं नाही. माणूस आजारी असतानाही झोपतो.

मी यंत्र दुकानात नेलं आणि आवाज पूर्वीसारखा केला. अप्पांच्या कानात बसवलं तेव्हा त्यांनी नळाच्या दिशेने मान वळवली. थेंब गळत होते.

"आता येतंय," म्हणाले. "परवा का येत नव्हतं?"

"सेटिंग जरा बिघडलं होतं अप्पा."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मी टेबलावरचा पेचकस उगीच उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "तू ते तेव्हाही बरोबर करायचास. सांगितलेलं."

याचा अर्थ काय लावायचा? चांगलं म्हणाले की वाईट? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनाच विचार." त्यांना मी काय विचारणार? आणि यंत्राचं तर मी कोणी न सांगता केलं होतं.

२० मार्च

केबिनमध्ये आज एक बाई तपासणीला होत्या. दार लावलं, बाहेर बसलो, काचेतून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हात हलवला, म्हणजे मी ठीक आहे. मी माईक सुरू केला आणि त्यांना सांगितलं, "बाहेर एक टेम्पो थांबलाय. आता सुरू करतो." का सांगितलं कोण जाणे. पेशंटला असं काही सांगायचं नसतं. त्या हसल्या.

२२ मार्च

ताई येईल की नाही अशी धाकधूक होती. बायकोने नेहमीसारखी तिची खुर्ची लावली. ती आली, हातात फळं, जरा उशिरा. केस कापलेत. मी उगीच बडबड करत होतो, केस छान दिसतात, गाडी मिळाली का, गरम होतंय का.

अप्पा बाहेर आले, बसले. बायकोने वाढलं. मला वाटत होतं, आता कोणीतरी काहीतरी फेकेल. मी सगळ्यांची तोंडं आळीपाळीने बघत होतो.

मग अप्पांनी खिशातून ती घडी काढली. कागद उलगडले, ताटाशेजारी ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे चुकलंय."

मी म्हटलं, "अप्पा, जेवण होऊ द्या." कोणी लक्ष दिलं नाही.

ताईने चमचा खाली ठेवला. "काय चुकलंय?"

"खोलीला खिडकी नव्हती असं लिहिलंयस. होती."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता भांडण. ती सावकाश म्हणाली, "होती?"

"रस्त्याच्या बाजूला. एवढी." त्यांनी हातांनी माप दाखवलं. "मी फळी ठोकली तिच्यावर. चार खिळे."

"कधी?"

"आई गेली त्याच महिन्यात. घराला बाहेरून कडी होती, तू त्या खिडकीतून बाहेर पडलीस. मी पंपावर होतो. शोध शोध शोधलं. दवाखान्याच्या गेटवर सापडलीस, वॉचमन तुला बसवून होता. एवढ्या मोठ्या रस्त्यातून एकटी गेलीस. तुला सांगितलं होतं आई गेली. तू म्हणालीस, गेली तर परत आणते." अप्पांनी पाणी घेतलं. ग्लास दातांवर आपटला. "मग मी फळी ठोकली. मग कुलूप. मला दुसरं काही सुचलं नाही. नोकरी सोडता येत नव्हती. कोणी येत नव्हतं."

ताई म्हणाली, "मला हे आठवत नाही."

"तू नऊची होतीस."

"मला वाटायचं मी उलट बोलते म्हणून."

"उलट तर तू बोलायचीसच," अप्पा म्हणाले.

आणि ताई हसली. रडतही होती, पण हसली. मला काहीच कळेना. गेल्याच महिन्यात याच टेबलावर, असं काही नव्हतं, असं म्हणणारा माणूस आज खिळे मोजून सांगतोय, आणि सांगतोय ते चूक दाखवायला. आणि जिला चूक दाखवली ती रागावत नाही, पर्समधून पेन काढते. मी बायकोकडे बघितलं. तिने मला खुणेने सांगितलं, गप्प बस.

ताईने ती ओळ खोडली. वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. विचारलं, "फळी कसली होती?"

"पॅकिंगची. पंपाच्या मोटारी यायच्या त्या खोक्याची."

"उजेड यायचा का तिच्या कडेने?"

"थोडा येत असेल. सकाळी."

तिने तेही लिहिलं. जेवण गार झालं होतं. बायकोने उठून सगळ्यांची ताटं बाजूला सरकवली, कागदांना जागा केली.

मग ताई म्हणाली, "अप्पा, एका वेळी किती वेळ असायचे मी आत?"

अप्पांना ऐकू आलं होतं, यंत्र व्यवस्थित आहे, मी स्वतः तपासलंय. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. म्हातारे हात आहेत, पण अजून रुंद. मी म्हणणार होतो, जाऊ दे ना ताई आता. म्हणालो नाही.

"ते मला माहीत नाही," अप्पा म्हणाले. "मी पंपावर असायचो. ते तुम्ही दोघांनी मला सांगायचं."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची पुढे ओढली. तिने सांगायला सुरुवात केली.